राजमान्य राजश्री टोकन क्रमांक ४७ यांस

राजमान्य राजश्री गाडीलावे महाशय यांचे सेवेशी,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. आपले क्षेम वेगळे विचारत नाही. माझ्या गाडीच्या पुढच्या सीटखाली शहाळ्याच्या ज्या दोन स्ट्रॉ सापडल्या, त्यांवरून आपली प्रकृती उत्तम असून सोबतही चांगली असावी असे दिसते.

पत्रास कारण की, गेल्या वैशाखात भाचीच्या लग्नाला आम्ही उभयता कार्यालयाच्या दारात उतरलो, तेव्हा आपण माझी गाडी माझ्या हातून घेतलीत. नुसती घेतली नाहीत; दार उघडून, कमरेत वाकून, पांढरा हातमोजा पुढे करून घेतलीत. तेहतीस वर्षे कचेरीत काढली, पण तिथे वाकण्याचे खाते माझ्याकडे होते. माझ्यापुढे कुणीतरी वाकल्याचा तो पहिलाच प्रसंग. हा मान मी जन्मात विसरणार नाही. गाडीही विसरेल असे वाटत नाही.

आपले शुभनाम विचारायचे राहून गेले. छातीवर बिल्ला होता, परंतु त्यावर ‘हसतमुख सेवा’ एवढेच छापले होते. म्हणून टोकनावरच्या आकड्यालाच नाव मानून लिहितो आहे. राग नसावा.

आपण येण्यापूर्वी रत्नागिरीत लग्नाला जायचे म्हणजे काय हाल होते, ते आपल्या वयाला ठाऊक नसेल. मुहूर्त टळला तरी चालेल पण गाडी सावलीत लागली पाहिजे, अशी धावपळ. कुणाचा तरी मामा मागे उभा राहून दोन्ही हातांनी ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे’ करायचा आणि धप्प असा आवाज आला की ‘बस्स’ म्हणायचा. गाडी लागायची ती नेमकी माडाखाली. मग जिलबी खाताना अर्धे लक्ष नारळाकडे. हे सगळे मागासलेपण आपल्या एका हातमोज्याने संपवलेत. आता लक्ष नारळाकडे ठेवावे लागत नाही. गाडी माडाखालीच काय, गावातच नसते.

आता किल्लीचे सांगतो. माझ्या जुडग्यात गाडीची किल्ली, घराच्या लॅचची, फाटकाच्या कुलपाची आणि लोखंडी कपाटाची, अशा चार किल्ल्या एकाच कडीत नांदतात. गाडीची तेवढी काढून द्यावी असे माझ्या मनात आले होते, खोटे कशाला सांगू? पण ती दुहेरी वेटोळ्याची कडी आपल्याला माहीत असेल. तिच्या फटीत नख घालावे, नख तुटावे, कडी मिटावी. मी दोनदा नख घातले. मागे तीन गाड्यांनी हॉर्न सुरू केले. ही म्हणाली, “अहो, द्या ना सगळाच. तो काय खाणार आहे का?” आपण मंद हसलात. मला लाज वाटली आणि मी अख्खा जुडगा आपल्या हातमोज्यावर ठेवला. वर ‘सांभाळून हं’ असेही म्हणालो. म्हणजे तोंडी संमती झाली. त्याबद्दल पुढे बोलू.

चार तासांनी आपण गाडी घेऊन आलात ते जुडगा बोटावर गरगर फिरवीत. आणि मी न विचारता म्हणालात, “काका, गाडी मस्त आहे. पिकअप छान आहे. फक्त चौथ्या गिअरला जरा आवाज करते, दाखवून घ्या.”

धन्य धन्य वाटले. कार्यालयाच्या दारापासून बाजूच्या वाडीतल्या गाडीतळापर्यंतचे अंतर मी नंतर मोजले. दोनशे दहा पावले आहेत. दोनशे दहा पावलांत चौथा गिअर टाकणारा सारथी आपल्या रूपाने रत्नागिरीला लाभला आहे. गॅरेजवाल्याने याच निदानाचे पैसे घेतले असते. मी आपल्याला पन्नास रुपये दिले आणि वर आभारही मानले. आवाज खरोखरच येतो.

माझी एक वाईट खोड आहे. पेट्रोल भरले की मी छोट्या वहीत तारीख, लिटर आणि गाडीचा आकडा लिहून ठेवतो. लग्नाला येताना मारुती मंदिराशी पेट्रोल भरले होते. वहीत लिहिले होते ६१,४८२. कार्यालय तिथून दोन किलोमीटर. आपण गाडी परत दिलीत तेव्हा आकडा होता ६१,५४३. येतानाचे दोन वजा जाता एकोणसाठ किलोमीटर आपण माझी गाडी ‘लावत’ होता. जागा इतकी निगुतीने शोधणारा माणूस मी पाहिला नाही.

एकोणसाठ किलोमीटरांचा हिशेब मला आधी लागेना. पण आपण पुरावे ठेवण्यात कसूर केली नव्हती. ब्रेकच्या पायाशी वाळू होती. ती मांडवीची काळी वाळू नव्हती, म्हणजे गावातला समुद्र आपल्याला पसंत पडला नाही. मग दाराच्या कप्प्यात एक चुरगळलेला कागद सापडला. तो उलगडून पाहिला आणि डोळे पाणावले. ती गणपतीपुळ्याची वाहनतळाची पावती होती. माझी गाडी लावण्यासाठी नेमलेला माणूस ती पंचवीस किलोमीटर नेऊन, पदरचे पैसे मोडून, दुसऱ्या गाडी लावणाऱ्याच्या ताब्यात देतो, याला म्हणतात आपल्या धंद्यावरची निष्ठा. पावतीचे पैसे मी देणे लागतो. केव्हाही न्यावेत.

आरे-वारेच्या रस्त्याने गेला असाल. दुसऱ्या रस्त्याने जाणारे आपण नव्हे. त्या चढावरून खाली समुद्र उघडतो तिथे थांबून फोटो काढला असेलच. त्याची एक प्रत पाठवल्यास उपकार होतील. गाडी घेऊन सहा वर्षे झाली, आम्ही दोघे तिच्यातून तिकडे एकदाही गेलो नाही. पेट्रोल महाग म्हणून.

येऊन-जाऊन पन्नास. उरलेले नऊ किलोमीटर कुठे खर्ची पडले, तेवढे कळवावे. वही पुरी करायची आहे.

डिकीबद्दल तर काय लिहू! व्याह्यांना द्यायच्या हापूसच्या दोन पेट्या तिथे होत्या. आपण एकच उघडलीत, हा आपला संयम. त्यातूनही सातच घेतलेत. सातही अगदी त्या दिवशी खाण्याजोगे, देठाशी वास घेऊन निवडलेले, हे तुमचे रत्नागिरीकरपण. पेंढा पुन्हा असा बेमालूम पसरलात की व्याह्यांनी पेटी उघडेपर्यंत कुणाला संशय आला नाही. त्यांनी पाच डझनांत सात कमी मोजले आणि काही बोलले नाहीत. फक्त विहीणबाईंकडे पाहिले. आमच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या घराण्याला त्या दिवशी नैतिक मानांकन मिळाले.

आणि डॅशबोर्डचा कप्पा! त्यातले कागद मी कधी तारखेवार लावले नव्हते. आपण आर. सी. वर, विमा मध्ये, पीयूसी खाली असे नीट लावून ठेवलेत. माझा साखरेचा रिपोर्टही उघडून पाहिला असावा, कारण घडी उलटी झाली होती. जेवणानंतरची साखर वाचूनच आपण पेटीतले आंबे कमी केलेत का? तसे असेल तर वरचा परिच्छेद मी मागे घेतो.

परवा अमेरिकेतल्या एडिसनहून आमच्या मेहुण्यांचा फोन आला. ही सगळी कथा मी त्यांना आपल्या स्तुतीखातर सांगितली. ते हसले आणि म्हणाले, “भावजी, तुमच्या गाडीबरोबर करड्या डोक्याची तिसरी किल्ली आली नव्हती का? ती याच्यासाठीच असते.”

आली होती. गाडी मुंबईहून सेकंडहँड घेतली तेव्हा दोन काळ्या डोक्यांच्या किल्ल्या आणि एक करड्या डोक्याची अशा तीन मिळाल्या होत्या. करडी जरा आखूड, तिच्यावर बटणे नाहीत. मला वाटले कंपनीने काटकसर केली. तिला म्हणे व्हॅले की म्हणतात. आपल्यासारख्यांच्या हातात द्यायची म्हणून मुद्दाम बनवलेली, आपल्या नावाचीच किल्ली! जगभरच्या मोटार कंपन्यांनी आपल्या मानार्थ एक स्वतंत्र किल्ली काढली होती आणि मी करंटा आपल्याला भलतीच देऊन बसलो.

तिचे गुण ऐका. ती चालकाचे दार उघडते आणि इंजिन सुरू करते. बस्स. डिकी उघडत नाही, डॅशबोर्डचा कप्पा उघडत नाही. गाडीच्या कुलपात पातळ पितळी पट्ट्या एकीमागे एक स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. किल्लीच्या खाचा त्यांना नेमक्या उंचीवर आणतात तेव्हाच गाभा फिरतो. डिकीच्या आणि कप्प्याच्या कुलपाला अशी एखादी खाच जास्त लागते, ती काळ्या किल्लीला असते आणि करडीला नसते. काही गाड्यांत तर पात्यावरची खोबणच वेगळी ठेवतात, म्हणजे करडी डिकीच्या कुलपात शिरतच नाही. तिच्या डोक्यात चिप मात्र असते, नाहीतर इंजिन तिला ओळख देणार नाही. हो, आणि चालकाच्या सीटशेजारी डिकी उघडण्याचा जो खटका असतो, त्यालाही बऱ्याच गाड्यांत इवलेसे कुलूप असते. ते मी सहा वर्षे स्क्रूचे भोक समजत होतो. आधी काळ्या किल्लीने तो खटका बंद करायचा, मागची सीट आडवी पाडण्याची कळ असेल तर तीही अडकवायची, आणि मग करडी हवाली करायची. एक जरी विसरले तरी आपल्यासारख्या जिज्ञासू माणसाला वाट मोकळी.

हे ऐकून मला आमची आजी आठवली. कमरेला किल्ल्यांचा घोस. गडी माणसांना गोठ्याची आणि खोपीची किल्ली मिळे, पाव्हण्याला पडवी मिळे. माजघराच्या पुढे मात्र नाव नको, आणि कोठीची किल्ली झोपतानाही तिच्या कमरेलाच. यात कुणी कुणाचा अपमान झाला असे मानत नसे. चोर म्हणून नव्हे, पाव्हणा म्हणूनच पडवी. मोटार कारखानदारांनी जे नंतर पितळेत कोरले, ते आमची आजी नुसत्या नजरेने करत असे. तिच्या नातवाने एका हातमोज्यासाठी कोठीची किल्ली दिली.

आणि रत्नागिरीला तरी हे नवे आहे का? माझे घर थिबा पॅलेसच्या बाजूला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढले आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवले. पुढे १९१० च्या सुमाराला त्याच्यासाठी एवढा मोठा राजवाडा बांधून दिला. रंगीत काचा, समोर भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. सगळी दारे उघडी, फक्त गाव सोडून जायचे नाही. १९१६ साली तो इथेच वारला. त्यानंतर १९२४ ते १९३७ सावरकर याच गावी स्थानबद्ध होते. त्यांची हद्द जिल्ह्याची, आणि राजकारणाची खोली कुलूपबंद. असे हे गाव. अर्धी किल्ली म्हणजे काय ते इथल्या दगडांना कळते. आपणच काय ते पहिले, की ज्यांना आम्ही सगळा जिल्हा मोकळा करून दिला, टाकी भरून.

परंतु महाशय, मी कृतघ्न नाही. मेहुण्यांशी बोलता बोलता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती आपल्या बाजूची आहे. करडी किल्ली दिली असती तर आंबे वाचले असते, साखर गुप्त राहिली असती. पण एकोणसाठ किलोमीटर झाले असते ते झालेच असते! ती किल्ली हाताला अडवते, चाकाला अडवत नाही. डिकी नाही, कप्पा नाही, मात्र गणपतीपुळे खुशाल. धातूच्या तुकड्याला अंतर कुठले कळायला?

चाकाला अडवणारे प्रकारही निघाले आहेत, आपल्या माहितीसाठी लिहितो. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट झेडआर-१ या गाडीत १९९० साली इंजिनाच्या पूर्ण ताकदीसाठी वेगळी किल्ली दिली होती. ती फिरवून मालकाने काढून घेतली की इंजिन अर्धपोटी चाले. फोर्डने २०१० च्या मॉडेलांपासून ‘मायकी’ आणली; ती खरे तर पोरांसाठी. वेग ताशी ८० मैलांच्या वर नाही आणि रेडिओचा आवाज ४४ टक्क्यांच्या वर नाही. हे ४४ कुणी ठरवले असेल? पंचेचाळीसला काय होत होते? आपण माझा रेडिओ ज्या आवाजावर सोडलात, तो बघता आपल्याला उत्तर माहीत असणार. मी किल्ली फिरवली तेव्हा ही वऱ्हाडासमोर किंचाळली.

२०१५ च्या कॉर्व्हेटमध्ये त्याहून कमाल. मालक नसताना पुढचा रस्ता, वेग, गिअर, सगळे चित्रित होऊन राहते. आतला आवाजही टिपायचे; मग कंपनीच्याच ध्यानात आले की अमेरिकेतल्या काही राज्यांत न सांगता कुणाचे बोलणे टिपणे कायद्याला धरून नाही, आणि मालकांना ते न वापरण्याची सूचना द्यावी लागली. टेस्लात पडद्यावर चार आकडे दाबले की पुढची डिकी आणि कप्पा बंद, ताकद कमी, आणि वेग ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरच्या वर नाही. आरे-वारेच्या वळणांवर ताशी ११३ ची बंदी म्हणजे आमच्या नारळाच्या पाडेकऱ्याला विमानात चढू नकोस म्हटल्यासारखे आहे. आपल्याकडेही हल्ली ह्युंदाई-कियाच्या नव्या गाड्यांत असा व्हॅले मोड येतो. गाडी किती वेळ चालली, किती वेळ नुसती चालू उभी होती, कमाल वेग किती, ते मालकाच्या फोनवर दिसते. म्हणजे मालक पंगतीत बसून, मठ्ठ्याचा घोट घेत, आपली प्रगती पाहू शकतो. आपल्या व्यवसायावर हे संकट येत आहे, सावध असावे.

बटणाच्या किल्ल्या आल्या म्हणून निश्चिंत राहू नये. त्या प्लास्टिकच्या डबीच्या पोटात एक लोखंडी पाते लपवलेले असते. शहाणा मालक ते काढून खिशात घालतो, कप्पा त्याने बंद करतो आणि नुसती डबी देतो. काही जपानी गाड्यांत डिकी बंद ठेवण्याची कळच कप्प्यात असते. ती दाबा, कप्पा लावा, डिकीचे बटण मुके. असे मालक भेटले तर त्यांच्याशी फार सलगी करू नये. आमच्यासारख्यांशी करावी.

आपली परंपरा मोठी आहे, हेही मला कळले. पूर्वी सरदार उतरला की घोडा मोतद्दाराच्या हवाली करी, आणि घोडा किती दमला आहे ते परत आल्यावर घामावरून समजे. १९८६ च्या ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ या अमेरिकन चित्रपटात गाडी लावायला दिलेली फेरारी दोन माणसे शिकागोभर उधळतात. मग ती फेरारी घेऊन आलेली पोरे आकडा कमी करायला गाडी जॅकवर चढवून चाके उलटी फिरवतात. आकडा मागे येत नाही. माझ्या वहीवर आपला जीव का जडला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. ती कप्प्यातच होती.

आपल्या टोकनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापले आहे, ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’. हे वाचून मी निश्चिंत झालो होतो. पण आपल्यामुळे म्हातारपणी कायदा वाचायची गोडी लागली. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने रात्री मारुती झेन अशीच दारात दिली. एकच्या सुमारास बाहेर आला तर ती दुसऱ्याच कुणी पळवलेली. त्याच्याही टोकनावर आपल्यासारखेच छापले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल दिला: किल्ली घेतली म्हणजे गाडीचा ताबा घेतला, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे हा निक्षेप झाला, आणि कलम १५१ प्रमाणे शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावीच लागते. हयगय झाली असेल तर छापील ओळीमागे लपता येत नाही. एकवीस वर्षे लागली. माझे वय सदुसष्ट आहे. मी वाट पाहायला तयार आहे.

मोटार वाहन कायद्याचे १९७ वे कलमही वाचले. मालकाच्या संमतीवाचून गाडी नेणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. आपण म्हणाल, काका, तुम्हीच तर किल्ली दिलीत. खरे आहे. मी दोनशे दहा पावलांची संमती दिली होती. पुढची आपण समजून घेतलीत. कार्यालयाच्या व्यवस्थापकांनाही मी भेटलो. ते फार प्रेमळ गृहस्थ आहेत. सगळे ऐकून म्हणाले, “काका, पण गाडी मिळाली ना?”

मिळाली. म्हणूनच हे आभाराचे पत्र. सीट आपण मागे सरकवलीत, ती अजून तशीच आहे. खटका अडकला आहे. मी उशी घेऊन बसतो. आरसा आपण स्वतःच्या तोंडाकडे वळवला होता, तो मात्र सरळ केला.

कळावे, लोभ आहे तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपला नम्र,
टोकन क्रमांक ४७ चा काका

ता. क. एक किरकोळ बाब राहिली. मेहुण्यांशी बोलणे झाल्यावर मी ती करडी किल्ली शोधायला गेलो. कंपनीने ती माहितीपुस्तिकेच्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिली होती, पाकीट डॅशबोर्डच्या कप्प्यात, आणि कप्पा ज्यांच्यापासून बंद ठेवायचा त्यांच्याच हाती मी काळी किल्ली दिली. पाकीट जागेवर आहे. प्लास्टिकवर किल्लीचा ठसाही उमटलेला आहे. किल्ली नाही.

आपल्याकडे चुकून गेली असल्यास घाई नाही. आपल्यासाठीच बनवलेली वस्तू आपल्याकडे आहे, यात गैर काही नाही. तिने गाडीचे दार उघडेल, इंजिन सुरू होईल. घर सापडायला अडचण पडू नये, आर. सी. वरचा पत्ता आपण वाचला आहेच. फाटकाची कडी जरा वर उचलून सरकवावी लागते, नाहीतर करकरते आणि ही जागी होते.

फक्त एक करावे. निघताना आणि परतताना आकडा तेवढा लिहून ठेवावा. वही मी आता सीटखाली ठेवली आहे. कप्पा त्या किल्लीने आपल्याला उघडणार नाही.